वीजजनक जीवाणूंचे विलगीकरण

सेंद्रिय द्रव्याच्या विघटनातून मुक्त झालेले इलेक्ट्रॉन पेशीबाहेरील घन पदार्थास देऊ शकणारे जीवाणू ते वीजजनक जीवाणू होत. निसर्गात हा घन पदार्थ बहुधा लोहाचे ऑक्साइड असतो. साहजिकच लोहयुक्त माध्यमावर वाढवून ते वेगळे करण्याची प्रथा पडली. परंतु पेलोबॅक्टर कार्बिनोलिकस लोहाचे क्षपण करूनही वीज देत नाही. तेव्हा ही कसोटी पुरेशी नव्हे.

पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी २००८ साली निराळी रीत मांडली. इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकाराच्या नळीत त्यांनी सूक्ष्मजैविक इंधनघट रचला. त्याचा अ‍ॅनोड तळाशी असल्याने पेशी स्वभारानेच त्यावर स्थिरावतात. मिश्र संवर्धन उत्तरोत्तर विरल करीत न्यावयाचे, आणि अत्यंत विरल असूनही ज्या घटातून वीज मिळते त्यातील जीवाणू निवडावयाचे. येथे निवड वीजनिर्मितीच्या गुणावरच होते.

या रीतीने मिळालेला ऑक्रोबॅक्ट्रम अँथ्रोपी या जातीचा वाण अ‍ॅसिटेटवर दर चौरस मीटरला ८९ मिलिवॅट शक्ती देत असे. मात्र जलयुक्त फेरिक ऑक्साइडवर त्याचे श्वसन चालत नव्हते. लोहाच्या कसोटीतून तो निसटलाच असता. जीवाणू कोणते सापडतात, हे अशा रीतीने शोधसाधनावरही अवलंबून असते.