वेग वाढवा, पण व्होल्टेज जपून

१९९८ साली इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा स्वस्तातला प्रोसेसर आला. हौशी मंडळींनी बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्‌झ केला आणि तो ३००ऐवजी ४५० मेगाहर्ट्‌झवर पळवला. ओव्हरक्लॉकिंगची चटक अनेकांना लागली ती तिथे.

नुसता वेग दहा टक्के वाढवला, तर चिपचा वीजवापरही साधारण तेवढाच वाढतो. पण वाढीव वेगाला चिप डळमळू लागली की व्होल्टेज चढवावं लागतं, आणि खरी मेख इथे आहे: वीजवापर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दोन्ही दहा-दहा टक्के चढवले की तो सुमारे ३३ टक्क्यांनी वाढतो. या सगळ्या विजेची शेवटी उष्णताच होते. पंखा चिपला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. नागपूरच्या मे महिन्यात खोलीच ४० अंशांवर असेल, तर डिसेंबरात बिनतक्रार चाललेली सेटिंग्ज कोलमडू शकतात. फार तापली की चिप स्वतःच वेग उतरवते, म्हणजे कमावलेलं गेलंच.

तापमान ठीक असूनही गेम सुरू होताच संगणक फटकन बंद पडत असेल, तर आधी पॉवर सप्लायवर संशय घ्या. त्यात काटकसर नको. धूळ काढा, वाळलेली थर्मल पेस्ट बदला, मगच बायॉसला हात लावा.