परसातील पाला आणि बरणीवरची तारीख

तीन वर्षांपूर्वी पत्नीचे निधन झाले. काही महिन्यांनी स्वयंपाकघरातील वरचे कपाट आवरताना तिच्या हातच्या नऊ काचेच्या बरण्या सापडल्या. सहा बरण्यांवर तिच्या अक्षरात वनस्पतीचे नाव आणि महिना लिहिलेला होता. तीन बरण्यांवर काहीच नव्हते. त्यांतील हिरवट भुकटी अडुळशाची की आणखी कशाची, हे सांगणारे आता घरात कोणी उरले नव्हते. उभी नोकरी बँकेत गेली. सहीशिवाय व्हाउचर कधी पास केले नाही. जड मनाने त्या तीन बरण्या रिकाम्या केल्या आणि परसातील तुळस, गवती चहा, पुदिना व अडुळसा यांची जबाबदारी स्वतःकडे घेतली.

पहिल्याच वर्षी दोन चुका झाल्या. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. एवढे ऊन फुकट मिळते आहे, असा हिशेब करून मी गवती चहा गच्चीवर पसरला. संध्याकाळपर्यंत तो खडखडीत वाळला खरा, पण रंग गवताचा आणि वासही गवताचाच! दुसरी चूक श्रावणातली. वरून कोरडा वाटणारा अडुळशाचा पाला घाईने बरणीत भरला. पंधरा दिवसांनी झाकण उघडले, तो आत पांढरी बुरशी. पत्नी हे सारे सहज करीत असे. त्यामागे किती लक्ष होते, ते तेव्हा कळले.

बदलीच्या काळात गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात काही वर्षे राहण्याचा योग आला होता. याच तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला वनहक्क कायद्यानुसार २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. त्या भागातील गोंड कुटुंबे चैत्राच्या सुमारास पहाटे झाडाखाली गळलेली मोहफुले वेचतात आणि अंगणात कडक उन्हात वाळवतात. फूल आपोआप गळते, फांदी मोडावी लागत नाही. मोहफूल मांसल व रसाळ असते, म्हणून त्याला ऊन हवे. आवळ्याच्या फोडींचेही तसेच. तुळस, पुदिना आणि गवती चहा यांचा गुण मात्र पानांतील सुगंधी तेलात असतो आणि ते तेल उन्हाने उडून जाते. म्हणून पाने सावलीत, वाऱ्यावर वाळवावीत. ही साधी गोष्ट मी डोळ्यांनी पाहूनही लक्षात घेतली नव्हती.

आता पाळतो ती पद्धत अशी. तोडणी सकाळी, दव वाळल्यावर आणि ऊन तापण्यापूर्वी करावी. आधीचे दोन दिवस कोरडे असावेत. तुळशीला मंजिऱ्या येण्यापूर्वी पानांना सुगंध अधिक असतो. एका वेळी झाडाच्या एक तृतीयांशापेक्षा अधिक पाला काढू नये. गवती चहा बुंध्यापासून चार बोटे वर कापावा, म्हणजे तो पुन्हा फुटतो. झाड जिवंत राहावे आणि आपली गरजही भागावी, हीच आपल्याकडे सांगितलेली यतना होय. आपल्या शहरात कोळसा व राखेची धूळ पानांवर बसते. म्हणून पाला दोन पाण्यांतून धुऊन, कापडावर निथळवून, मगच सावलीत पातळ पसरावा. पान बोटांत चुरले गेले आणि देठ कडकन मोडला, की पाला वाळला असे समजावे. अडुळशाचे पान जाड असल्याने त्याला अधिक दिवस लागतात.

बरणी काचेची, कोरडी आणि घट्ट झाकणाची असावी. ती अंधाऱ्या कपाटात ठेवावी. पहिला आठवडा रोज पाहावी. झाकणाला आतून दमटपणा दिसला, तर पाला पुन्हा पसरावा. बुरशी दिसली, तर वरचा थर काढून उरलेला वापरू नये. सारा टाकून द्यावा. पाने अख्खी ठेवली तर वास टिकतो, भुकटी गरजेपुरतीच करावी. वर्षापेक्षा जुना पाला ठेवू नये. चातुर्मासात हिरव्या व सुकवलेल्या पाल्याविषयीचे नियम पंथांनुसार आणि घरांनुसार वेगळे आहेत. ज्याचा जो नियम असेल, तो त्याने पाळावा. ओलसर हवेत जीवोत्पत्ती होते, हा त्यामागचा विचार माझ्या श्रावणातल्या बरणीने मला पटवून दिला.

एक इशारा आवश्यक आहे. घरचे म्हणून सारेच निर्धोक नसते. गुळवेलीसारखीच दिसणारी, तिच्याच जातकुळीतील दुसरी वेल अपायकारक ठरू शकते, याकडे केंद्रीय आयुष मंत्रालयाने २०२२ साली लक्ष वेधले होते. गुळवेलीने रक्तातील साखर कमी होऊ शकते, तेव्हा मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारावे. गर्भवती स्त्रियांनी अडुळसा घेऊ नये. बरा न होणारा खोकला काढ्यावर रेटू नये.

म्हणून वाचक बंधू-भगिनींना एकच विनंती. आपल्या घरात हे काम आई, पत्नी किंवा सासूबाई करीत असतील, तर या दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत एक दिवस त्यांच्याजवळ बसा. कोणते पान, केव्हा तोडले, कशासाठी ठेवले, हे विचारा आणि बरणीवर लिहा. आमच्या घरी आता सूनबाई पाला निवडते आणि नात चिठ्ठ्या लिहिते. तुळशीच्या बरणीवरची पत्नीच्या अक्षरातली जुनी चिठ्ठी मात्र मी काढू दिलेली नाही. नवी तारीख तिच्याच खाली लिहितो.