परसातले अळू : गुणाचे, पण जपून

पावसाळा आला की परसातले अळू जोम धरते. अळूवडी आणि फदफदे यांवाचून आपल्याकडे सणाचे ताट सुने वाटते. अळूच्या पानांत लोह, चोथा आणि शरीरात 'अ' जीवनसत्त्व तयार करणारे कॅरोटीन असते. पण हेच पान कच्चे राहिले तर घसा खाजतो. पानांत, देठांत व कंदात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. ते जिभेला व घशाला टोचतात.

लागवड : कोंब असलेले कंद मे-जूनमध्ये दोन-तीन इंच खोल, दीड ते दोन फुटांवर लावावेत. शेणखत, थोडी सावली आणि कायम ओल एवढे पुरते. संडासाचे किंवा गटाराचे पाणी मात्र देऊ नये. त्यातील रोगजंतू व जंतांची अंडी पानांना चिकटतात. अळवाभोवती पाणी साचू देऊ नये. कुंडीखालची बशी दर आठवड्याला रिकामी करून घासावी, कारण डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या पाण्यात वाढतो.

स्वयंपाक : चिरताना हातांना तेल लावावे. भाजी पूर्ण शिजवावी, वड्या आतपर्यंत वाफवाव्यात. चिंच, आमसूल किंवा ताक घालण्याची जुनी रीत सोडू नये. त्याने खाज कमी होते.

कोणी जपावे? : ऑक्झलेटचा मूतखडा झालेल्यांनी अळू वरचेवर खाऊ नये, डॉक्टरांना विचारावे.

शोभेची पाने : बागेत लावलेले रंगीत पानांचे कॅलेडियम, मोठ्या पानांचे शोभेचे अळू आणि डिफेनबेकिया ही झाडे खाण्याची नव्हेत. त्यांतही असेच स्फटिक असतात. ती रांगत्या मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशी ठेवावीत. भाजीसाठी ओळखीच्या कंदाचेच अळू लावावे. नुसत्या पानाच्या आकारावरून रानातले अळू खुडून आणू नये.

मुलाने पान चावलेच तर तोंडातील चोथा काढावा, चुळा भरायला लावाव्यात आणि थंड पाणी किंवा दूध घोटघोट द्यावे. मुद्दाम उलटी करवू नये. ओठ-जीभ सुजली, गिळता येईना किंवा श्वास अडखळू लागला, तर घरगुती उपायात वेळ न दवडता तडक दवाखाना गाठावा. जाताना त्या झाडाचे एक पान सोबत न्यावे, म्हणजे डॉक्टरांना निदान करणे सोपे जाते.