परदेश प्रवास आणि धारदार वस्तू बाळगण्याचे कायदे : एक विवेचन

प्रस्तावना :
जळगाव व धुळे जिल्ह्यांतील घरोघरी विळी, सुरी, अडकित्ता आणि शेतशिवारात विळा-कोयता या नित्याच्या वस्तू आहेत. केळीचा घड उतरविणाऱ्या मजुराच्या हाती कोयता दिसला तर कोणासही वावगे वाटत नाही. याच घरांतील विद्यार्थी उच्च शिक्षणासाठी परदेशी निघतात, तेव्हा त्यांच्या सामानात सुरी वा अडकित्ता सहज ठेवला जातो. ही सहजता परक्या भूमीवर फौजदारी गुन्ह्याचे कारण ठरू शकते. सदर लेखात या प्रश्नाचे कायदेशीर स्वरूप स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

भारतीय कायद्याची भूमिका :
शस्त्र अधिनियम, १९५९ मधील 'शस्त्र' या संज्ञेच्या व्याख्येतून केवळ घरगुती वा शेतीच्या उपयोगासाठी बनविलेल्या वस्तू वगळल्या आहेत. शस्त्र नियमांच्या अनुसूचीत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्यांचा उल्लेख असला, तरी तेथेही घरगुती, शेती, शास्त्रीय व औद्योगिक वापराच्या वस्तूंना अपवाद आहे. म्हणजेच, वस्तू कशासाठी बनविली आहे, हा आपल्या कायद्याचा प्रमुख निकष होय. मात्र महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ अन्वये मनाई आदेश लागू असताना सुरी, काठी इत्यादी बाळगण्यासही प्रतिबंध करता येतो. शीख बांधवांच्या कृपाणास संविधानाच्या अनुच्छेद २५ चे संरक्षण आहे.

अन्य देशांतील निकष :
ब्रिटनमध्ये १९८८ च्या फौजदारी न्याय कायद्यातील कलम १३९ नुसार सार्वजनिक ठिकाणी पाते असलेली वस्तू बाळगणे हा गुन्हा असून कमाल शिक्षा ४ वर्षे कारावासाची आहे. ३ इंचांपर्यंत धार असलेला, घडी होणारा खिशातील चाकू यास अपवाद आहे. तथापि उघडल्यावर अडकून बसणारा चाकू या अपवादात येत नाही, असे तेथील न्यायालयाने १९९३ मध्ये ठरविले. व्यवसाय, धर्म वा राष्ट्रीय पोशाख हे समर्थन ग्राह्य आहे. पण ते सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर असते. 'पिशवीत राहून गेला' एवढे कारण पुरत नाही. जपानमध्ये काही अपवाद वगळता ६ सेंटीमीटरहून लांब पात्याचा चाकू सबळ कारणाविना जवळ बाळगल्यास २ वर्षांपर्यंत कारावास वा ३ लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो. जर्मनीत पात्याच्या लांबीबरोबर रचनाही पाहिली जाते : १२ सेंटीमीटरहून लांब स्थिर पात्याचे आणि एका हाताने उघडून अडकणारे चाकू रास्त कारणाविना बाळगता येत नाहीत. ऑगस्ट २०२४ मधील झोलिंगेन येथील हल्ल्यानंतर सार्वजनिक उत्सवांतील व लांब पल्ल्याच्या सार्वजनिक वाहतुकीतील निर्बंध अधिक कडक करण्यात आले.

विमान प्रवास व गैरसमज :
धारदार वस्तू विमानाच्या केबिनमध्ये नेता येत नाहीत. त्या तपासणीसाठी सोपविलेल्या सामानात ठेवाव्या लागतात. भारतांतर्गत उड्डाणांत शीख प्रवाशांना ६ इंचांपर्यंत पात्याच्या कृपाणाची सवलत २०२२ च्या आदेशाने दिली असली, तरी ती परदेशी विमानतळावर लागू होत नाही. अनेकांचा गैरसमज असा की, सामान विमानाने स्वीकारले म्हणजे वस्तू कायदेशीर ठरली. वस्तुतः विमान सुरक्षेचे नियम प्रवासापुरते असतात. उतरल्यावर त्या देशाचा कायदा सुरू होतो. स्वयंपाकघरात सुरी वापरणे आणि तीच सुरी दप्तरात घालून रस्त्याने जाणे, यांतील भेद तेथेच महत्त्वाचा ठरतो.

निष्कर्ष :
आपला कायदा वस्तूचा हेतू प्रामुख्याने पाहतो, तर उपरोक्त देश पात्याची लांबी, रचना, स्थळ व बाळगण्याचे कारण पाहतात. परदेशातील गुन्ह्याची नोंद विद्यार्थ्याच्या पुढील व्हिसा व नोकरीस बाधक ठरू शकते आणि कायद्याचे अज्ञान हा बचाव ठरत नाही. म्हणून विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करताना प्राध्यापकांनी तीन गोष्टी आवर्जून सांगाव्यात : सुरी तेथेच विकत घ्यावी, ती दुकानातून बांधलेल्या वेष्टनातच थेट घरी न्यावी, आणि कृपाण वा व्यवसायाची हत्यारे अपरिहार्य असल्यास संबंधित देशाच्या दूतावासाकडून नियमांची पूर्वचौकशी करावी. घरी निरुपद्रवी असलेली वस्तू परमुलखातही तशीच मानली जाईल, हे गृहीत धरणे सोडणे हेच या विषयाचे सार होय.