नोकरी सोडणे म्हणजे हार मानणे का?

मागे बसलेल्यांना आवाज येतोय ना? बरं.

जे हे नंतर मोबाईलवर वाचतील त्यांच्यासाठी सांगतो. आज आपण पुण्याच्या सभागृहात नाही, इंदापूर तालुक्यात डाळजला आहोत. एका अंगाला पुणे-सोलापूर महामार्ग, दुसऱ्या अंगाला उजनीचे पाणी. याच रस्त्याने इथली मुले पुण्याला जातात, हडपसर-मगरपट्ट्यात नाहीतर थेट हिंजवडीला. आजचा विषय आम्ही निवडलेला नाही. तो अशाच एका घरातून आला. घर कोणते ते विचारू नका, कारण असे घर आता वाडी-वस्तीवर सापडते.

त्या घराने ऊसबिलातून आणि बँकेच्या कर्जातून मुलाला इंजिनिअर केला. हिंजवडीत नोकरी लागली, पेढे वाटले. अडीच वर्षांनी मुलगा बॅग घेऊन परत आला. हातात दुसरी नोकरी नाही. वडील आम्हाला म्हणाले, "सर, आम्ही उन्हातान्हात राबलो, आम्हाला काय कुणी कमी बोललं? आन् ह्याला एसीत बसून साहेबाचं बोलणं सहन होईना."

आता आमचा गुन्हा सांगतो. नोकरी सोडायच्या चार महिने आधी त्या मुलाने आम्हाला फोन केला होता. आम्ही त्याला म्हणालो, "जरा दम धर, सगळीकडे असंच असतं." तत्त्वज्ञानाची डॉक्टरेट घेतलेल्या, आयुष्यभर नीतिशास्त्र शिकवलेल्या माणसाने एवढेही विचारले नाही की, बाबा, तो साहेब नेमके बोलतो तरी काय? आजचे व्याख्यान म्हणजे त्या न विचारलेल्या प्रश्नाची भरपाई समजा.

पहिली गोष्ट. कडक साहेब आणि छळणारा साहेब यांत फरक करायला हवा, नाहीतर सगळी चर्चा वाया जाते. कडक साहेब कामाबद्दल बोलतो. "हे चुकलंय, इथे चुकलंय, उद्या दुपारपर्यंत दुरुस्त करून दे." ऐकताना वाईट वाटेल, पण पुढे काय करायचे ते कळते. छळणारा साहेब माणसाबद्दल बोलतो. "तुझी लायकीच नाही. तुझं इंग्रजी बघ. कुठल्या गावाहून येतात कोण जाणे." यात दुरुस्त काय करणार? गाव दुरुस्त करणार? दुसरी खूण अशी की, कडक साहेबाला शंका विचारता येते. छळणाऱ्याला विचारली तर तीच तुमच्याविरुद्ध वापरली जाते.

हाइन्त्स लेमान नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात स्वीडनमध्ये यावर काम केले. कामाच्या जागी एखाद्याला सतत टोचणे, वाळीत टाकणे, चारचौघांत उतरवणे, याला त्याने 'मॉबिंग' म्हटले. त्याची मोजपट्टी साधी होती. असा प्रकार आठवड्यातून निदान एकदा आणि निदान सहा महिने चालू असेल, तर तो स्वभावाचा तिखटपणा नव्हे, छळ आहे. एकदा चिडणे वेगळे, रोजचा रतीब वेगळा. पुढे १९९३ मध्ये स्वीडनने याविरुद्ध सरकारी नियमच केला. आपल्याकडे २०१३ चा कायदा आहे, पण तो कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्ध. नुसता अपमान करणाऱ्या साहेबासाठी वेगळा कायदा आपल्याकडे नाही.

दुसरी गोष्ट. हे घडते का? सगळे मॅनेजर दुष्ट जन्माला येतात का? तसे नाही. व्यवहार समजून घ्या. सेवा देणारी आयटी कंपनी पुष्कळदा माणसांचे तास विकते. परदेशातला ग्राहक पैसे मोजतो, त्याला तारीख दिलेली असते. ती तारीख मुलाला विचारून दिलेली नसते. अमेरिकेत सकाळ होते तेव्हा आपल्याकडे संध्याकाळ उलटलेली असते, म्हणून कॉल रात्री. काम नसलेला माणूस 'बेंच'वर, म्हणजे खर्चाच्या खात्यात. वर पुष्कळ कंपन्यांत 'बेल कर्व्ह'ची पद्धत वापरली गेली. दहाजण उत्तम असले तरी कुणाला तरी तळाला बसवायचेच. मॅनेजरच्या डोक्यावर त्याचा मॅनेजर. वरून आलेला धक्का तो खाली ढकलतो.

आणि भाषा बघा. तिथे माणसाला 'रिसोर्स' म्हणतात. "दोन रिसोर्स कमी पडतात, एक रिसोर्स सोडा." कांट या जर्मन तत्त्वज्ञाने १७८५ च्या ग्रंथात मांडलेला विचार इथे आठवावा. वस्तूला किंमत असते आणि तिच्या जागी दुसरी वस्तू चालते. माणसाला किंमत नसते, प्रतिष्ठा असते. त्याला कामासाठी वापरा, पण केवळ वापरू नका. 'केवळ' हा शब्द महत्त्वाचा. पगार देऊन काम घेणे गैर नाही. पगार दिला म्हणून माणूसच विकत घेतला असे समजणे गैर.

हा कांट आम्ही वर्षानुवर्षे वर्गात शिकवला. आम्ही नोकरीत असताना आमच्या एका वरिष्ठाने कचेरीतल्या लेखनिकाला सगळ्यांसमोर नको ते सुनावले. तो खाली मान घालून उभा होता. आम्ही तिथेच होतो. घंटा झाली, आम्ही उठलो आणि कांटवर तास घ्यायला गेलो. छळणारा एकटा कधीच नसतो, मंडळी. त्याच्याभोवती आमच्यासारखे घड्याळ बघणारे असतात.

तिसरी गोष्ट, सहनशीलतेची. आपण शेतकरी माणसे. सहन करणे हा आपला मोठा गुण. पण शेतकरी दुष्काळ सहन करतो तेव्हा दुष्काळ त्याचा अपमान करत नसतो. पाऊस न पडणे आणि कुणी तोंडावर थुंकणे, दोन्हीला 'त्रास' असा एकच शब्द लावला की घोटाळा होतो. म्हणून त्या वडिलांचे ऊन आणि त्या मुलाचा एसी यांची तुलना बसत नाही. उन्हाने वडिलांना कधी "तू नालायक आहेस" असे म्हटले नव्हते.

महाभारतातले भीष्म बघा. युद्धाच्या तोंडावर युधिष्ठिर आशीर्वाद मागायला जातो तेव्हा ते कबूल करतात की, माणूस अर्थाचा दास आहे आणि मी कौरवांच्या अर्थाने बांधला गेलो आहे. आजच्या भाषेत सांगायचे तर हप्ते चालू आहेत. त्यांची सहनशक्ती थोर, पण ती कुणाच्या उपयोगी पडली? उलट बिभीषण बघा. त्याने आधी रावणाला समजावले, भर सभेत बोलणी खाल्ली आणि मग चार सोबत्यांसह लंका सोडली. तरीही आपल्या बोलण्यात 'बिभीषण' हा शब्द कौतुकाने येत नाही. सोडून जाणाऱ्याबद्दल आपल्या मनात जुनी अढी आहे. मुलगा घरी येतो तेव्हा तीच अढी दारात उभी असते.

आता चौथी गोष्ट, जरा नीट ऐका. अल्बर्ट हर्शमन नावाचे अर्थशास्त्रज्ञ होते. १९१५ साली बर्लिनमध्ये जन्मले आणि हिटलर सत्तेवर आल्यावर १९३३ मध्ये त्यांनी जर्मनी सोडली. सोडणे म्हणजे काय ते त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. १९७० मध्ये त्यांनी एक छोटे पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे असे की, संस्था बिघडली की माणसापुढे दोन वाटा असतात. एक, निघून जाणे. दुसरी, आवाज उठवणे. आणि निष्ठा ठरवते की माणूस कोणती वाट कधी धरतो.

त्यांना हे सुचले नायजेरियातल्या रेल्वेवरून. तिथली रेल्वे वाईट चालत होती. समोर मालट्रकची स्पर्धा होती. मग रेल्वे सुधारायला हवी होती ना? सुधारली नाही. कारण ज्यांनी तक्रार करून रेल्वेला जागे केले असते, तेच आधी ट्रककडे गेले. आरडाओरडा करणारे गेले, रेल्वे निवांत झोपली.

आयटी कंपनीत हेच होते. ज्याला स्वाभिमान आहे आणि दुसरीकडे काम मिळू शकते, तो निघून जातो. जाताना शेवटच्या मुलाखतीत सांगतो, "वैयक्तिक कारण." त्याला कागद हवे असतात, वैर नको असते. साहेब तिथेच राहतो, खुर्चीवर पुढचा मुलगा येतो. म्हणून आमचे म्हणणे असे की, नोकरी सोडणे ही हार नाही, पण कारण न सांगता सोडणे हे अर्धेच काम आहे.

आवाजाने काय होते याचे उदाहरण आपल्याच मातीत आहे. नारायण मेघाजी लोखंडे. महात्मा फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक. मुंबईच्या गिरण्यांतले हाल त्यांनी जवळून पाहिले होते. १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली, सह्यांचे अर्ज दिले, सभा घेतल्या. १० जून १८९० ला गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. त्याआधीही कामगार गिरणी सोडून गावी जातच होते, पण नुसत्या जाण्याने रविवार मिळाला नाही.

आपल्या बारामती मतदारसंघाच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत एक खासगी विधेयक मांडले होते. कामाची वेळ संपल्यावर साहेबाचा फोन न उचलण्याचा हक्क असावा, असे ते विधेयक. फ्रान्समध्ये अशी तरतूद १ जानेवारी २०१७ पासून आहे. आपल्याकडे त्या विधेयकाचा कायदा झाला नाही. पण २०२४ मध्ये पुण्यात काम करणाऱ्या एका तरुण मुलीच्या मृत्यूनंतर तिच्या आईचे पत्र देशभर वाचले गेले, तेव्हा हा प्रश्न घराघरांत बोलला गेला. एका आईचा आवाज, बघा. आणि तो तिला कधी उठवावा लागला, तेही बघा.

आता तरुणांसाठी व्यवहाराचे चार शब्द. एक, लिहून ठेवा. तारीख, वेळ, काय बोलले, समोर कोण होते. अपमान झालेला माणूस काही दिवसांनी स्वतःवरच शंका घेऊ लागतो, तेव्हा ही वही कामी येते. दोन, तक्रार तोंडी करू नका, ईमेलने करा. तीन, राजीनाम्याआधी नियुक्तिपत्र वाचा. नोटिशीचा काळ पुष्कळ कंपन्यांत साठ ते नव्वद दिवसांचा असतो. अनुभवाचा दाखला, कार्यमुक्तीचे पत्र, भविष्यनिर्वाह निधी, राहिलेला पगार, हे मागून घ्या. बाँड असेल तर वकिलाला दाखवा, घाबरून पैसे भरू नका. आणि "मी इंजिनिअर, मी कुठला कामगार" असे म्हणू नका. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातल्या 'कामगार' या व्याख्येत तांत्रिक काम करणाराही होता, २०२० च्या संहितेतही आहे. चार, जमले तर काही महिन्यांचा खर्च गाठीला ठेवून निघा. पण झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर हिशेब करत बसू नका. आधी बाहेर या, डॉक्टरांना भेटा. १४४१६ हा सरकारी 'टेलि-मानस'चा नंबर आहे. फोन करायला पैसे लागत नाहीत आणि त्यात कमीपणा तर मुळीच नाही.

आणि ज्यांना आज सोडता येत नाही, कर्ज आहे, घरात आजारपण आहे, त्यांना आम्ही भित्रे म्हणणार नाही. त्यांनी वही लिहावी, शेजारच्या टेबलावरच्याला गाठावे. दोघे झाले की साहेबाचा आवाज थोडा तरी उतरतो.

शेवटचे थोडे आईवडिलांसाठी. तुमच्यातल्या म्हाताऱ्या माणसांनी उजनीचे पाणी चढताना पाहिले आहे. जुने पळसदेव त्यात गेले. पाणी फार ओसरले की आजही तिथल्या देवळाचे शिखर वर येते. पाणी दारात आले तेव्हा गाव सोडणाऱ्याला कुणी म्हणाले का, "ह्याला पाणी सहन होईना"? नाही. कारण पाणी सगळ्यांना दिसत होते. मुलाच्या गळ्याशी आलेले पाणी तुम्हाला दिसत नाही, एवढाच फरक. म्हणून ते विचारावे लागते.

आम्ही शेवटी विचारले, उशिरा. मुलाने परवानगी दिली म्हणून सांगतो. घरी वडिलांचे ऑपरेशन होते. त्याने दोन दिवसांची रजा मागितली. साहेब चौदा जणांच्या कॉलवर म्हणाला, "तू डॉक्टर आहेस का? मग तिथे जाऊन काय करणार?" सगळे हसले. मुलगा गेला नाही. घरी सांगितले, "काम होतं." त्या दिवसानंतर दर रविवारी संध्याकाळी त्याला उलट्या होऊ लागल्या.

काल आम्ही हे त्याच्या वडिलांना सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला तवा वाटलं, पोरगं विसरलं."

मंडळी, मुलगा परत आला तर पहिला प्रश्न "आता पुढं काय?" हा नको. आधी जेवू घाला, झोपू द्या. मग विचारा, "तिथं काय बोलायचे रे तुला?" आणि तो सांगेल ते मध्ये न बोलता ऐका. आम्हाला ते जमले नव्हते, तुम्हाला जमू दे.

आता प्रश्न घेऊ. माईक मागे द्या कुणीतरी, त्या कोपऱ्यात बसलेल्या मुलांकडे.