अंगाने बारीक, तरीही शुगर? जन्माचं वजन आणि मधुमेहाचं जनुकीय नातं काय? समजून घ्या

अंगाने सडपातळ, तरीही तपासणीत शुगर वाढलेली. लातूर, नांदेडमध्ये असं उदाहरण निघालं की ‘घराण्यातच आहे’ म्हणून विषय संपतो. पण घराण्यातून नेमकं येतं काय?

पुण्यात काय आढळलं?
केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पथकाने १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचं जन्मावेळचं सरासरी वजन सुमारे २.७ किलो होतं. इंग्लंडमधील बाळांचं ३.५ किलो. मात्र वजनाच्या मानाने त्वचेखालची चरबी फारशी कमी नव्हती. ही ठेवण पुढे मधुमेहाचा धोका वाढवते.

कारण पोषण की जनुकं?
दोन्ही. बाळाची पोटातली वाढ त्याच्याच इन्सुलिनवर बरीच अवलंबून असते. इन्सुलिन कमी करणारी जनुकं वजन घटवतात आणि मोठेपणी शुगर वाढवतात.

हे मोजतात कसं?
डीएनएतील लाखो ठिकाणं घ्यायची. प्रत्येक ठिकाणच्या बदलाने जन्माचं वजन किती बदलतं आणि मधुमेहाचा धोका किती, हे ताडून पाहायचं. यातून निघतो ‘जनुकीय सहसंबंध’: उणे १ ते अधिक १ मधला आकडा. डीएनएतील शेजारची अक्षरं बहुधा एकत्रच वारशाने येतात. हा गुंता लक्षात घेणारी पद्धत २०१५ मध्ये आली. तिला दोन वेगवेगळ्या अभ्यासांचे गोषवारे पुरतात, तीच माणसं लागत नाहीत.

२०१६ च्या एका मोठ्या अभ्यासात जन्माचं वजन आणि टाइप २ मधुमेहाचा हा आकडा उणे ०.२७ आला. म्हणजे नातं उलटं आहे, पण घट्ट नाही. आईचं पोषण आणि पुढची जीवनशैली यांनाही भरपूर जागा उरते.

हा आकडा मराठवाड्याला लागू होतो?
जसाच्या तसा नाही. त्या अभ्यासातले बहुतेक लोक युरोपीय वंशाचे होते. ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पाने सुमारे १० हजार भारतीयांची जनुकीय माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुली केली. पण असे सहसंबंध काढायला सहसा त्याहून कितीतरी जास्त लोकांची माहिती लागते.

तोवर काय करायचं?
वजनकाट्यासोबत टेपही वापरा. पुरुषांची कंबर ९० आणि महिलांची ८० सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर धोका वाढतो. वयाच्या तिशीनंतर सरकारी आरोग्य केंद्रात शुगर तपासून घ्या. आई-वडिलांना मधुमेह असेल तर बारीक अंगाच्या भरवशावर राहू नका.