पार्टिकल बोर्ड, एमडीएफ की प्लाय? कोटेशन देण्याआधी हे वाचा

फर्निचरचं छोटं वर्कशॉप चालवणाऱ्या प्रत्येकाला गिऱ्हाईक एक वाक्य हमखास ऐकवतं, "शेजारच्याने निम्म्यात सांगितलंय." तो निम्म्यात कसा देतो? बहुतेक वेळा उत्तर मटेरियलमध्ये असतं. तो पार्टिकल बोर्डचा भाव सांगतो, तुम्ही प्लायचा. दोघंही खोटं बोलत नाहीत, पण गिऱ्हाइकाला फरक कोणीच समजावलेला नसतो. ते काम तुमचं आहे.

आधी ओळख करून घ्या

पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचे बारीक तुकडे आणि भुसा गोंदात मिसळून, गरम प्रेसमध्ये दाबलेली शीट. कापलेली कड बघा, दाणे दिसतात. एमडीएफमध्ये लाकडाचे अगदी बारीक तंतू करतात, म्हणून कड एकसारखी आणि गुळगुळीत असते. सीएनसीवर नक्षी, रंगाचे शटर यासाठी तो छान. प्लायमध्ये लाकडाचे पातळ थर आडवे-उभे चिकटवलेले असतात, त्यामुळे स्क्रू घट्ट बसतो आणि फळी लवकर वाकत नाही. ब्लॉकबोर्डमध्ये आत लाकडी पट्ट्या असतात. लांब दरवाजाला तो चालतो.

वजनही लक्षात ठेवा. 8 बाय 4 ची 18 एमएम पार्टिकल शीट साधारण 35 ते 40 किलो भरते. एमडीएफ तितकाच किंवा थोडा जास्त. म्हणजे "स्वस्त म्हणजे हलका" हा गैरसमज काढून टाका.

पाणी हाच खरा परीक्षक

आपला नंदुरबार जिल्हा एकसारखा नाही. नंदुरबार, शहादा त्या मानाने कोरडे. नवापूर, अक्कलकुवा, धडगावकडे पाऊस जोरात. शहाद्याच्या बेडरूममध्ये वर्षानुवर्षं टिकणारं कपाट नवापूरच्या ओलसर भिंतीला टेकवलं, की खालची कड फुगू शकते. साधा पार्टिकल बोर्ड एकदा फुगला की वाळल्यावरही मूळ जाडीवर येत नाही. साध्या एमडीएफचंही तेच.

म्हणून साधा नियम ठेवा. सिंकखालचं युनिट, बाथरूमजवळचं कपाट, रोज धुतल्या जाणाऱ्या फरशीला टेकणारा भाग, इथे चांगला वॉटरप्रूफ प्लाय. बेडरूमचं कपाट, ऑफिसचं टेबल, दुकानाचे रॅक, मुलांचं स्टडी टेबल, इथे प्री-लॅम पार्टिकल बोर्ड बिनधास्त वापरा. फक्त सगळ्या कडांना एज बँड लावा, खाली पीव्हीसीचे पाय देऊन कपाट फरशीपासून चार इंच वर उचला, आणि 18 एमएमच्या फळीला साधारण दोन फुटांवर आधार द्या. पुस्तकांचं वजन असेल तर त्याहून कमी अंतरावर.

आता हिशेब

खालचे दर फक्त समजण्यासाठी धरलेत. तुमच्या दुकानदाराचे दर टाकून पुन्हा करा.

समजा एका कपाटाला 4 शीट, म्हणजे 128 चौरस फूट लागतात.
- प्री-लॅम पार्टिकल बोर्ड 50 रुपयांनी: 6,400 रुपये
- प्लाय 90 रुपये, वर सनमायका, फेविकॉल आणि मजुरी 50 रुपये: 17,920 रुपये

फरक 11,520 रुपयांचा. कोरड्या खोलीत हा फरक गिऱ्हाइकाच्या फायद्याचा आहे. तिथे उगाच प्लाय गळ्यात मारू नका.

आता सिंकखालचं युनिट घ्या. एक शीट लागते. पार्टिकल बोर्ड 1,600, प्लाय 4,480. वाचले 2,880. पण पावसाळ्यात युनिट फुगलं, तर नवीन प्लाय 4,480, दोन माणसांची मजुरी 1,600, टेम्पो 1,500. एकूण 7,580 रुपये. वाचले ते गिऱ्हाइकाचे, गेले ते तुमचे! आणि गावात नाव गेलं त्याचा आकडा कुठल्याच वहीत मांडता येत नाही.

वाहतूक आणि जोडणी

चांदसैली घाटातून धडगावला तयार कपाट पाठवाल, तर धक्क्यांनी सांधे सैल होतात आणि कोपरे तुटतात. पार्टिकल बोर्डमध्ये कडेला मारलेला स्क्रू निघाला, की त्याच भोकात पुन्हा नीट पकडत नाही. म्हणून भाग सुटे पाठवा आणि जागेवर जोडा. आधी भोक पाडा, योग्य स्क्रू किंवा मिनीफिक्स वापरा, खिळा ठोकू नका.

खरेदी करताना

आयएसआय मार्क आणि त्याखालचा नंबर वाचा. पार्टिकल बोर्डसाठी आयएस 3087, प्री-लॅमसाठी 12823, एमडीएफसाठी 12406, साध्या प्लायसाठी 303, मरीन प्लायसाठी 710. गोंदातल्या फॉर्मल्डिहाइडचा वास डोळ्यांना झोंबतो, म्हणून बंद खोलीच्या कामाला ई-1 किंवा त्याहून कमी उत्सर्जनाचा माल मागा.

आपल्या शेतातला बोर्ड

पार्टिकल बोर्ड लाकडाचाच हवा असं नाही. उसाच्या चिपाडापासूनही तो बनतो. मुंबईत माटुंग्याला असलेल्या सिरकॉट या कापूस तंत्रज्ञान संस्थेने पऱ्हाटीपासून बोर्ड बनवण्याचं तंत्र विकसित केलंय. आपल्याकडे ऊसही आहे आणि कपाशीही. पण लगेच कारखान्याची स्वप्नं बघू नका. पऱ्हाटी हंगामातच मिळते, जागा खूप खाते आणि प्रेसला मोठं भांडवल लागतं. आधी माल ओळखायला शिका.

आजचं काम

तुमच्या वर्कशॉपमधले पार्टिकल बोर्ड, एमडीएफ आणि प्लायचे हातभर तुकडे घ्या. जाडी मोजून लिहा. रात्रभर पाण्यात ठेवा, सकाळी पुन्हा मोजा. ते तीन तुकडे वाळवून काउंटरवर ठेवा. पुढचं गिऱ्हाईक "शेजारच्याने निम्म्यात सांगितलंय" म्हणालं, की वाद घालू नका. तुकडे त्याच्या हातात द्या आणि दोन कोटेशन लिहून द्या, एक कोरड्या खोल्यांचं, एक ओल्या जागेचं. प्रत्येक ओळीत मटेरियलचं नाव, जाडी आणि आयएस नंबर. निर्णय त्याला घेऊ द्या. सही मात्र घ्यायला विसरू नका!